कोडिंग टेस्टमध्ये प्रश्नाखालच्या दोन ओळी आधी वाचा

नोकरी नागपूरच्या मिहानमधली असो, परसोडीच्या आयटी पार्कातली असो की पुण्याच्या कंपनीची घरून करायची, फ्रेशरला पहिली चाळणी ऑनलाइन टेस्टचीच. आपले पोट्टे तिथे अल्गोरिदम, म्हणजे प्रश्न सोडवायची रीत, येत असूनही अडकतात, कारण प्रश्नाखाली दिलेल्या मर्यादा कुणी वाचतच नाही. हे माझं ठाम मत आहे.

साधा प्रश्न घ्या: ॲरेमधल्या, म्हणजे आकड्यांच्या यादीतल्या, कोणत्या दोन आकड्यांची बेरीज १०० होते? खाली लिहिलेलं असतं, आकड्यांची संख्या १ लाखापर्यंत. प्रत्येक जोडी तपासायला एकात एक दोन फॉर लूप लावले की जोड्या झाल्या जवळपास ५०० कोटी. सेकंदाला ढोबळमानाने १० कोटी साध्या पायऱ्या धरल्या तर ५० सेकंद लागतील, आणि मुदत असते एक-दोन सेकंदांची. समोर दिसणाऱ्या नमुन्याच्या केस, म्हणजे कोड तपासायची उदाहरणं, पास होतात, कारण त्यात पाच-सहाच आकडे असतात. लपवलेल्या केस मात्र धडाधड पडतात.

इथे हॅशमॅप, म्हणजे आकडा आधी येऊन गेला का हे झटकन सांगणारी नोंदवही, घ्यायचा आणि ॲरेवरून एकदाच जायचं. पण क्रम सांभाळा. आधी जोडीदार (१०० वजा तो आकडा) मॅपमध्ये आहे का ते बघायचं, मगच आकडा आत टाकायचा. उलट केलं तर ॲरेत ५० एकदाच असला तरी तो स्वतःशीच जोडी जमवतो आणि उत्तर चुकतं.

बेरजेचंही तसंच. जावात इंट हा पूर्णांकाचा प्रकार २१४ कोटी ७४ लाखांच्या थोडं पुढे संपतो. १ लाख आकडे, प्रत्येक १ लाखापर्यंत, म्हणजे बेरीज १,००० कोटींपर्यंत जाऊ शकते. एरर येत नाही, नुसतं भलतंच उत्तर छापलं जातं. तिथे लाँग हा मोठा प्रकारच हवा.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलमधली एक सवय तर आजच सोडा: ‘एंटर द नंबर’ छापणं. तपासणारं मशीन आउटपुट अक्षर न् अक्षर जुळवतं. ती एक ओळ जास्त आली की बरोबर कोडलाही शून्य.

एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, दुसरा सर्वाधिक पगार हमखास विचारतात. उतरत्या क्रमाने लावून दुसरी ओळ उचलली आणि सर्वांत जास्त पगार दोघांना सारखा असला, तर पहिलाच पगार परत येतो. सारखे पगार एकदाच मोजणारं डिस्टिंक्ट लावा.

ग्रुपवर फिरणाऱ्या ‘मागच्या ड्राइव्हचे (भरतीचे) प्रश्न’ पीडीएफ पाठ करण्यात रात्री घालवू नका. त्यापेक्षा ४५ मिनिटांचा टायमर लावा, दोन नवे प्रश्न घ्या आणि कोड कोऱ्या एडिटरमध्ये लिहा. मग तोच कोड मित्राला मोठ्याने समजावून सांगा, आधी मराठीत, मग इंग्रजीत. मुलाखतीत गप्प बसून लिहिलेल्या बरोबर कोडपेक्षा, बोलत बोलत सापडलेली स्वतःची चूक जास्त वजनदार ठरते. प्रोजेक्टचंही तेच: लॉगिन केलंय म्हणता, तर पासवर्ड डेटाबेसमध्ये कसा ठेवला हे सांगता यायलाच हवं. हॅश करून, म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही अशा रूपात, ठेवला नसेल तर आधी तो करा, मगच रेझ्युमेत लिहा.

आणि आपल्याकडच्या उन्हाळ्याचं. मुलाखत व्हिडिओवर असेल तर कूलरसमोर बसू नका, माइकमध्ये त्याची घरघरच जाते. मुलाखतीपुरता तो बंद ठेवा, खोली आधी तासभर थंड करून घ्या. राउटर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आहे का तेही आदल्या दिवशी मेन स्विच बंद करून बघा; लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो, पण वायफाय जातं आणि टेस्टचं घड्याळ काही थांबत नाही.