सगळे चेन एकाच पुरुषाचे वंशज? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. सिंगापूरच्या तुमच्या शेजाऱ्यांचं आडनाव तान, म्हणजे मूळचं चेन हे चिनी आडनाव. घराणं चीनच्या हेनान प्रांतातल्या गुशीहून आलं असं त्यांच्या वंशावळीत लिहिलेलं असताना मी त्यावर शंका घेणं हा त्यांच्या पूर्वजांचा अपमान आहे, असा तुमचा आक्षेप आहे. पूर्वजांबद्दल मला आदरच आहे, पण सगळे चेन एकाच पुरुषाचे वंशज नाहीत आणि गुशीच्या मुळाचा दावा सरसकट खरा मानता येत नाही, हे माझं मत कायम आहे.

उगमाची परंपरा मलाही मान्य आहे. प्राचीन चीनच्या झोऊ घराण्याचा राजा वू याने, पौराणिक सम्राट शुनचा वंशज मान याला चेन हे राज्य दिलं, हेनानमधल्या आजच्या ह्वाययांगच्या परिसरात. पुढे चू राज्याने ते जिंकलं आणि राज्याचं नाव लोकांचं आडनाव झालं. पण इ.स. ४९६मध्ये उत्तर वेई घराण्याचा सम्राट श्याओवेन याने शियानबेई या उत्तरेकडच्या भटक्या जमातीच्या सरदारांना चिनी आडनावं घ्यायला लावली, तेव्हा होउमोचेन हे कूळही ‘चेन’ झालं. त्या मान नावाच्या पुरुषाशी त्यांचं रक्ताचं नातं कुठून असणार?

आता गुशी. तिथला वांग शेनझी ८८५मध्ये भावांसोबत फूजियान या आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रांतात शिरला आणि पुढे मिन राज्याचा राजा झाला. त्याच्या दरबारी गुशीकरांना प्रतिष्ठा होती. बाराव्या शतकातला इतिहासकार झेंग चियाओ, जो स्वतः फूजियानमधल्या पूतियानचा, त्याने स्पष्ट लिहून ठेवलंय की इथली घराणी सरसकट गुशीचं मूळ सांगतात, ते खरं नाही, आणि त्याचं कारण हा राजाश्रय. म्हणजे ही शंका माझी नाही, फूजियानच्याच माणसाची आहे आणि आठशेहून अधिक वर्षं जुनी आहे.

म्हणून वंशावळी टाकाऊ ठरत नाहीत. अलीकडच्या पिढ्यांसाठी, कुठलं गाव सोडलं, कोण समुद्रापार गेलं, यासाठी त्यांच्याइतकं मोलाचं साधन क्वचितच मिळेल. मलेशियातल्या पेनांगमधल्या तान कोंगसीचं, म्हणजे तान आडनावाच्या कुलसंस्थेचं, नावच पाहा ना : ‘एंग चुआन तोंग’. हेनानमधल्या जुन्या यिंगछुआन प्रांताच्या नावाचं हे होक्किएन, म्हणजे फूजियानच्या बोलीतलं, रूप. फूजियानच्या किनाऱ्यावरून जहाजात बसलेल्यांपैकी बहुतेकांनी तो प्रांत पाहिलाही नसेल. तरी परक्या बंदरात अशा कुलसंस्थांनीच नवख्यांना निवारा दिला, काम मिळवून दिलं, मेल्यावर मूठमाती दिली. हे सगळं आडनावाने केलं, आणि मला ते रक्ताच्या नात्याहून मोठं वाटतं.

व्हिएतनामच्या त्रान (‘चेन’चंच व्हिएतनामी रूप) लोकांबद्दल थोडक्यात : १२२५ ते १४०० राज्य करणाऱ्या त्रान राजघराण्याचे पूर्वज फूजियानचेच मानतात, पण आज तिथे साधारण दहातल्या एकाचं आडनाव त्रान आहे. ते सगळे राजवंशीय असणं शक्य नाही.

शेजाऱ्यांच्या वंशावळीत गुशीनंतर फूजियानमधल्या कुठल्या गावाचं नाव येतं, तेवढं विचारून कळवाल का? तिथून पुढचा माग बराचसा काढता येईल.