राडारोडा फिरता ठेवा

पाणी ओसरलं की घाई असते ती चिखलाची. ओला आहे तोवर तो फावड्याने आणि खराट्याने निघतो. दोन उन्हं खाल्ली की त्याला पहार लागते, आणि मग त्याची धूळ महिनाभर भाजीच्या फोडणीतसुद्धा लागते. तेव्हा एक क्षणही वाया न घालवता बैठक बोलवा.

पुण्यातल्या बैठकीत पहिला अर्धा तास १९६१चा असतो. १२ जुलैला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि पाणी अमक्यांच्या वाड्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं, यावर एकमत व्हायला हवं. ते होत नाही. तोवर बाहेरचा चिखल वाळतो आणि पुढचा विषय आपोआप पुढच्या बैठकीला जातो.

काही अतिउत्साही माणसं पावसाळ्याआधीच ठरवून ठेवतात: राडारोडा तात्पुरता टाकायचा कुठे, ती जागा पाण्यापासून लांब आहे का, डंपर आत शिरून वळतील का, वजनकाटा कुठला, दवाखान्याकडे जाणारा कुठला रस्ता आधी मोकळा करायचा, जेसीबीवाल्याचा भाव काय. तुम्ही त्यांच्या नादी लागू नका. पूर यायच्या आधी राडारोड्याची जागा ठरवणं म्हणजे लग्नाआधी घटस्फोटाचा वकील गाठण्यासारखं आहे. शिवाय मे महिन्यात मोकळी म्हणून नकाशावर खूण केलेल्या जागेवर जुलैपर्यंत खाऊगल्ली उभी असते. रस्त्यांचं म्हणाल तर पाहणी दौरा ज्या बाजूने येणार ती बाजू आधी मोकळी करा. दवाखान्यातले पेशंट कुठे पळून जात नाहीत.

आता वर्गीकरण. २०१६च्या बांधकाम राडारोड्याच्या नियमांत असं होतं: दिवसाला २० टन किंवा एका कामातून महिन्याला ३०० टन निघत असेल तर काँक्रीट, माती, विटा-गिलावा, आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे ढीग वेगळे करायचे. यातली मेख तुमच्या लक्षात आलीच असेल. १९ टनांवर थांबा, उरलेलं उद्या काढा आणि परवाचं मेहुण्याच्या नावावर.

तसंही आपल्याकडे वर्गीकरण करायला कुणाला सांगावं लागत नाही. सळ्या दुपारपर्यंत भंगारात गेलेल्या असतात, पितळ त्याच्याही आधी. वाड्याची सागवानी चौकट बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात भेटते, आणि तुमचीच असली तरी घासाघीस करावी लागते. ज्याला भाव आहे ते सगळं शिस्तीत वेगळं होतं. मागे उरते गादी.

भिजलेली कापसाची डबल गादी तुम्ही कधी उचलली आहे का? आम्ही २०१९मध्ये उचलली. २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याने जे केलं ते पुणं विसरणार नाही. वीसहून जास्त माणसं गेली, गाड्या एकमेकींवर चढल्या. आमच्या वाट्याला फक्त तळमजला आला, म्हणून आज हे असं लिहिता येतंय. तर गादी. चौघांनी चार कोपरे धरले की मधला भाग जमिनीला टेकतो. मधे हात घातला की कोपरे पोटऱ्यांवर आपटतात. तिसऱ्या पायरीवर शिवण उसवते आणि काळं पाणी बाहीतून थेट काखेत जातं. अशा आठ गाद्या खाली आणल्यावर त्यांच्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी, उंदराचं औषध आणि रंगाचे अर्धे डबे सापडले. सगळं एकाच ढिगावर टाका. ॲसिड, विष आणि कापूस एकत्र नांदले तर बिघडलं काय?

सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते मात्र खणखणीत फोडून बारीक करा, डंपरमध्ये नीट बसतात. धास्तावलेले लोक त्यावर पाणी मारतात, अख्खेच उचलतात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळतात, कारण म्हणे त्यातल्या ॲस्बेस्टॉसचा धुरळा फुप्फुसात बसतो आणि वीस-तीस वर्षांनी त्रास देतो. वीस-तीस वर्षांनी! तोवर कितीतरी निवडणुका होऊन जातील. चिखलातून लेप्टोचा ताप येऊ नये म्हणून गमबूट आणि हातमोजे लागतात, ते जरूर मागवा. मान्यवर हातात फावडं घेऊन फोटो काढतील तेव्हा लागतील. त्यानंतर धुऊन कपाटात. झाडणाऱ्या बायका चपलेवर काम करतात, त्यांना सवय आहे असं आपण ठरवलेलं आहे.

पंचनाम्याआधी वस्तू हलवली तर भरपाई जाते, आणि नाही हलवली तर शेजारी. आमचा फ्रिज आम्ही आठ दिवस पार्किंगमध्ये सांभाळला. दार उघडू नये म्हणून नाडी बांधली होती. नवव्या दिवशी वासापुढे हार मानली आणि भंगारवाल्याला तो दिला. दहाव्या दिवशी कागद घेऊन एक गृहस्थ आले आणि म्हणाले, ‘फ्रिज दाखवा.’ फोटो दाखवला. ‘फोटोतला फ्रिज तुमचाच कशावरून?’ हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने बिनतोड आहे. तुम्ही पूर यायच्या आधीच फ्रिजवर आडनाव घालून घ्या.

ठेका देताना मोजमापाचा विचार शांतपणे करावा. वजनावर दिलात तर राडारोडा एक-दोन पावसांत भिजू दिला जाईल, कारण काट्याला पाणीही वजनच असतं. खेपेवर दिलात तर डंपर अर्धा भरून पूर्ण धावेल. ब्रासवर, म्हणजे १०० घनफुटांच्या हिशेबाने दिलात तर आत पोकळी आणि वरून गादी. तिन्ही पद्धती उत्तम आहेत. फक्त भरताना एक आणि रिकामा होताना एक अशी दोन माणसं उभी करून दोन्हीकडच्या पावत्या जुळवायचा अघोरी प्रकार करू नका. त्याने माणसं दुखावतात.

राहिला खरा प्रश्न: नेऊन टाकायचं कुठे? वाघोलीला प्रक्रिया प्रकल्प आहे, पण वाघोली म्हणजे डिझेल, सिग्नल आणि नगर रस्ता. त्यापेक्षा रात्री अकरानंतर नदीकाठ किती शांत असतो! नदीला दोन रेषा आखलेल्या आहेत. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा कागदावर असतात आणि डंपरला कागद दिसत नाही. खेपेवर खेप पडली की काठ वर येतो, त्यावर मुरूम, मुरुमावर हिरवळ, हिरवळीवर लग्नाचं रिसेप्शन. मग २५ जुलै २०२४सारखी एखादी पहाट उजाडते. खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सुटतं, ते आपली जुनी जागा शोधत येतं आणि ती सापडली नाही की नदीकाठच्या एकतानगरीत शिरतं. तिथे नवा राडारोडा तयार होतो. तो उचलायला पुन्हा डंपर, पुन्हा रात्रीचे अकरा. इतका पक्का रोजगार दुसऱ्या कुठल्या योजनेने दिलाय, सांगा.

ओढ्याकाठी राहणाऱ्यांनी तर डंपरसुद्धा लावू नये. बाथरूमचं काम काढलं की फुटक्या फरश्या मागच्या भिंतीवरून ओढ्यात सोडाव्यात. खालच्या सोसायटीला त्या पोचतात, आणि वरच्या सोसायटीचं तुम्हाला मिळतं. २०१९च्या पुरात आमच्या पार्किंगमध्ये चार पोती निळ्या फरश्या, अर्धा कमोड आणि एक गुलाबी वॉशबेसिन आलं. बेसिनला एक टवकाही नव्हता. मूळ मालकाची तीन दिवस वाट पाहून सेक्रेटरींनी ते वॉचमनच्या खोलीबाहेर बसवून घेतलं. फरश्या आणि कमोडाची विल्हेवाट त्याच रात्री लागली, भिंत काही फार उंच नाही. बेसिनला नळ अजून बसलेला नाही. तो विषय सर्वसाधारण सभेत दरवर्षी येतो आणि पानशेतनंतर वेळ उरला तर घेतला जातो.