पुंगळ्या ओव्हनमध्ये भाजायला त्या काय शेंगा आहेत?

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. तो टेक्सासला असतो, तिथं शूटिंग क्लबात जातो आणि रायफलच्या वापरलेल्या पुंगळ्या, म्हणजे गोळी उडाल्यावर उरणारी पितळी नळकांडी, डायमधून (साच्यातून) काढून मापात आणतो आणि परत भरतो, तिकडं ते रीतसर चालतं. (आपल्याकडं असलं काही करायला जाऊ नका. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 5 आहे, लायसन्सशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. आधीच सांगून ठेवलं, म्हणजे खाली कुणी विचारायला नको.)

"मामा, हे बरोबर आहे का बघ ना, तू डायचं काम करतोस म्हणून विचारतो." आणि खाली एक लांबलचक फॉरवर्ड, तिकडच्या मराठी मंडळींच्यात जोरात फिरतोय म्हणे. मथळा असा, 'पुंगळ्यांचं माप एकसारखं येत नाही? दोष 100 टक्के डायचा! करा हे 5 घरगुती उपाय.' पाच उपाय म्हणजे डाय अजून खाली आवळा, पुंगळ्या ओव्हनमध्ये 200 डिग्रीला अर्धा तास ठेवा, तेल भरपूर चोपडा, अमोनियाच्या पाण्यात भिजवून चकचकीत करा आणि माप साध्या डिजिटल व्हर्निअरनं घ्या.

मी कुपवाड एमआयडीसीत 22 वर्षं टूलरूमला आहे. बंदूक म्हणाल तर जत्रेतले फुगे फोडण्यापलीकडं धरलेली नाही, पण पितळ आणि डाय मला कळतं, आणि हे वाचून डोकंच फिरलं.

आधी ते '100 टक्के डायचा'. एका जुन्या कारखान्यात मी पितळी टोप्यांचा डाय केला होता. सकाळी माल ओके, दुपारी त्याच डायमधून, त्याच प्रेसवर टोपी मोठी यायला लागली. मालक माझ्यावर उखडला, डाय दोनदा खोलायला लावला, काहीच नाही सापडलं. शेवटी बघितलं तर दुपारी पट्टीचा दुसरा लॉट लावलेला, तो जास्त कडक. कडक पितळ डायमधून बाहेर आलं की जास्त फाकतं, मऊ कमी फाकतं, एवढी साधी गोष्ट. रायफलच्या पुंगळीचंही तेच. प्रत्येक वेळी बार उडाला की ती फुगते, परत डायमध्ये दाबली जाते आणि दरवेळी थोडी कडक होते. एकदा वापरलेली आणि सहादा वापरलेली पुंगळी एकाच डायमधून काढली तर खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, एकाच जागी बसणार कसा? भाच्याला विचारलं, कुठल्या पुंगळ्या आहेत रे? तर क्लबात खाली पडलेल्या वेचून आणलेल्या, तीन कंपन्यांच्या, किती वेळा वापरल्या कुणाला माहीत. झालं की मग!

आता ओव्हन. हे वाचून मी अंथरुणात उठून बसलो, कारण पठ्ठ्यानं 40 पुंगळ्या आधीच भाजल्या होत्या. 200 डिग्रीला अर्ध्या तासात काडतुसाचं पितळ, म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त, मऊ होतच नाही. तेवढं एक नशीब. पण फॉरवर्डमध्ये पुढं लिहिलंय, 'फरक न पडल्यास गॅसच्या शेगडीवर लाल होईपर्यंत तापवा'. हे ज्यानं लिहिलं त्याला एकदा समोर बसवायला पाहिजे. अ‍ॅनिलिंग करतात, म्हणजे तापवून मऊ करतात, नाही म्हणत नाही, पण फक्त मानेला आणि खांद्याला, काही सेकंद, बुडाला धग लागू न देता. सैन्याच्या काडतुसांवर मानेपाशी निळसर-तपकिरी पट्टा दिसतो बघा, तो त्याचाच. बूड कडकच राहायला पाहिजे, कारण बार उडतो तेव्हा सगळा दाब तिथं येतो. अमेरिकेतल्या कंपन्यांची सामी म्हणून संस्था आहे, काडतुसांची मापं तीच ठरवते, 1926 पासूनची. तिच्या आकड्यात .308 विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाला जास्तीत जास्त दाब 62,000 पीएसआय. गाडीच्या टायरात 32 असतो. बूड मऊ पडलं की प्रायमरची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या बारक्या टोपीची, खाच सैल होते, तिथनं गॅस मागं सुटतो, आणि मागं नेम धरणाऱ्याचा डोळा असतो. शेगडी म्हणे!

डाय आवळण्यात अर्धं खरं आहे, कबूल करतो, जड मनानं का होईना. रिकाम्या प्रेसवर डाय खाली टेकलेला दिसतो, पण पुंगळी घालून हँडल दाबलं की जोरानं प्रेस थोडा ताणतो आणि डाय आणि पुंगळी धरणाऱ्या होल्डरच्या मधे फट पडते. मागं बॅटरी धरून बघायचं, उजेड दिसला तर डाय थोडा खाली घ्यायचा. थोडा! आणि दाबलेलं हँडल दरवेळी दोन-तीन सेकंद तसंच धरायचं, फाकणं कमी होतं. पण 'अजून अजून आवळा' केलं तर खांदा जास्त मागं जातो, पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या जागेत, सैल बसते, दरवेळी बुडाच्या वर ताणली जाते आणि एक दिवस तिथनं दोन तुकडे. सामीच्याच ड्रॉइंगप्रमाणं .308 चं चेंबर खांद्यापर्यंत 1.630 ते 1.640 इंच. खांदा मागं न्यायचा तो आपल्या रायफलीत उडवलेल्या पुंगळीपेक्षा साधारण दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 0.05 मिलिमीटर.

आता एवढं बारीक माप नुसत्या व्हर्निअरनं कसं घेणार? चांगल्या डिजिटल व्हर्निअरचीच चूक 0.02 मिलिमीटर धरतात, आणि त्याच्या जबड्यात तिरका खांदा धरायचा कुठं? त्याला कम्पॅरेटर लागतो, एक भोक पाडलेला गुटका असतो, तो खांद्यावर एकाच जागी टेकतो.

तेलाचं थोडक्यात. कमी लावलं तर पुंगळी डायमध्ये अडकते, जास्त लावलं तर तेल दबून खांद्यावर खळगा पाडतं. भाच्यानं व्हिडिओ कॉलवर दाखवली ना, अंगठा दाबल्यासारखा खळगा. एकीला भरपूर, दुसरीला पुसट, असं चाललेलं त्याचं. सगळ्यांना सारखं आणि पातळ लावायचं, बास.

अमोनिया नको म्हणजे नको. इंग्रजांच्या काळात आपल्याच देशात फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्याशेजारी ठेवली की पुंगळ्यांना आपोआप चिरा जायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दाबून घडवलेल्या पितळातला ताण, दोन्ही मिळून हे होतं हे 1921 ला कळलं. समई चिंचेनं घासतात ती काय उगाच?

काल संध्याकाळी त्यानं पुंगळ्या कंपनीप्रमाणं वेगळ्या केल्या, तेल सारखं लावलं, एकाच कंपनीच्या 15 काढल्या. सगळ्या दोन थाऊच्या आत. डाय तोच, जुनाच.

एक राहिलं. उडवलेल्या पुंगळीत प्रायमरच्या शिशाची काजळी असते, आणि ओव्हन स्वयंपाकाचा होता. हे मी भाचेसुनेच्या कानावर घातलं. ट्रे लगेच गॅरेजात गेलाय, ओव्हन नवा घ्यायचा का नुसता ट्रे, यावर दोघांचं अजून चाललंय.