काका, पण शिफारस कोण लिहितं?

जानेवारी लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच वाद निघतो: कोरेगाव भीमाच्या स्तंभावर कोणाची किती नावं, आणि ती मोजायचीच कशाला. यंदा काकांनी लिहिलं, "शौर्याला जात नसते." पाच-सहा जणांनी लगेच हात जोडले. मी गप्प बसले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

मी न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीला राहते. इथल्या वॉशिंग्टन पार्कात हेन्री जॉन्सन यांचा अर्धपुतळा आहे. ते याच गावच्या रेल्वे स्टेशनावर हमाल होते. 1917 मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या वेळी, ते न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेमच्या कृष्णवर्णीय पलटणीत भरती झाले, तीच पुढची 369 वी इन्फन्ट्री. फ्रान्सला पोचल्यावर पलटणीला आधी बंदरावरच्या ओझ्याच्या कामाला जुंपलं. गोऱ्या अमेरिकन तुकड्यांना त्यांच्या शेजारी लढायचं नव्हतं, म्हणून मग पलटण फ्रेंचांच्या हवाली केली.

15 मे 1918 ची मध्यरात्र उलटून गेलेली. आर्गोनच्या जंगलात जॉन्सन आणि नीडहॅम रॉबर्ट्स पहाऱ्यावर होते. किमान 12 जर्मन चालून आले. रॉबर्ट्स जबर जखमी झाले आणि जर्मन त्यांना कैद करून ओढून न्यायला लागले. जॉन्सन यांचे हातबॉम्ब संपले, बंदूक अडकली, मग त्यांनी दस्त्यानं हाणलं. शेवटी बोलो नावाचा जाड पात्याचा सुरा उपसून ते भिडले आणि सोबत्याला सोडवून आणलं. अंगावर 21 जखमा होत्या. फ्रान्सनं त्यांना क्रोआ द गेर हे शौर्यपदक दिलं.

त्यांच्या स्वतःच्या देशानं फिफ्थ ॲव्हेन्यूवरून उघड्या मोटारीतून त्यांची मिरवणूक काढली, युद्धबचतीची तिकिटं खपवायला त्यांचं नाव वापरलं. मात्र फौजेतून सुटतानाच्या कागदावर त्या जखमांचा उल्लेखच नव्हता. 1929 मध्ये ते वारले. अर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्यांना पुरलं होतं, पण बेवारस म्हणून कुठेतरी पुरलं असावं, असंच इथं कित्येक वर्षं समजत होते. जखमी सैनिकांना देतात ते पर्पल हार्ट 1996 मध्ये मिळालं आणि मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक 2015 मध्ये. ते घ्यायला रक्ताचं माणूस सापडलं नाही. नॅशनल गार्डच्या एका सार्जंटनी ते ओबामांच्या हातून घेतलं.

त्या महायुद्धातल्या एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला मेडल ऑफ ऑनर त्या काळात मिळालं नाही. पहिलं मिळालं 1991 मध्ये, फ्रेडी स्टोवर्स यांना, मरणोत्तर. त्यांची शिफारस लढाईनंतर लगेच झाली होती, ती दप्तरात गहाळ झाली होती.

काका, शौर्याला जात नसते, मान्य. पण शिफारस लिहिणाऱ्याला असते, दप्तर सांभाळणाऱ्यालाही असते. कोरेगावच्या स्तंभावर 22 महार सैनिकांची नावं आहेत, आणि त्याच समाजाची भरती इंग्रजांनी 'लढवय्या जातीं'च्या, म्हणजे ठरावीक जातीच लढू शकतात या खुळापायी 1890 च्या दशकात बंद केली. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ ज्या फौजेत होते, तिची दारं पुढच्या पिढीला मिटली. 1910 मध्ये महार समाजाचे पुढारी शिवराम जानबा कांबळे यांना भरतीसाठी अर्ज करावा लागला. जॉन्सन भरती झाले त्याच 1917 मध्ये, माणसं कमी पडली तेव्हा, 111 वी महार पलटण उभी केली, आणि युद्धानंतर काही वर्षांतच मोडली.

इथली आपली मंडळी फेब्रुवारीत, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्यात, मुलांना जॉन्सन यांच्यावर शाळेचा प्रकल्प करून देतात, तोही मनापासून. तीच माणसं जानेवारीत म्हणतात, जुनं कशाला उकरता? हे मला फार खुपतं.

इथंही सगळं मिटलेलं नाही. लुइझियानातल्या लष्करी तळाला 2023 मध्ये फोर्ट जॉन्सन नाव दिलं आणि 2025 मध्ये ते काढून पुन्हा फोर्ट पोक केलं. मूळचे पोक गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या राज्यांचे सेनापती. आता त्याच आडनावाच्या दुसऱ्या सेनाधिकाऱ्याचं नाव पुढे केलं आहे.

जॉन्सन यांचं प्रकरण हललं ते एका कागदामुळे. तेव्हाचे फ्रान्समधल्या अमेरिकन फौजेचे सेनापती जनरल पर्शिंग यांचा 1918 मधला एक संदेश सिनेटर चक शूमर यांच्या कार्यालयातल्या लोकांनी शोधून काढला, त्यात त्या रात्रीची हकीकत होती. म्हणून ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं आणि खाली एक विनंती केली. तुमच्या ओळखीत कोणाचे पणजोबा त्या 111 व्या पलटणीत असतील, तर त्यांच्या घरी विचारा. ट्रंकेत फौजेतून सुटल्याचा कागद, पेन्शनचं पुस्तक, एखादा फोटो असेल. मागे नाव, गाव आणि पलटणीचा नंबर लिहून ठेवायला सांगा.