साथीआधीच दिसणारा फायदा

"अमुक औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू निम्म्यावर आले. अभ्यासात हजारो माणसं होती, वय, आजार सगळं हिशोबात धरलं होतं. आणखी कोणता पुरावा हवा?" अशा आशयाचा मजकूर सतत फिरत असतो. त्यातलं एकेक विधान पाहू.

"हजारो माणसं होती." संख्या वाढली की योगायोगाची शक्यता घटते, इतकंच. औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात मुळातच असलेला फरक तसाच राहतो. अमेरिकेतल्या 48,470 परिचारिकांच्या 1991 च्या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे हार्मोन घेणाऱ्यांना गंभीर हृदयविकार 44 टक्क्यांनी कमी दिसला. पुढे 16,608 स्त्रियांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडून एका गटाला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन हार्मोनच्या गोळ्या दिल्या. 2002 मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. त्या अहवालात हृदयविकार उलट 29 टक्के जास्त होता. (गोळ्या कोणत्या वयात सुरू केल्या, हेही या तफावतीमागचं एक कारण मानलं जातं. सगळं खापर गटांमधल्या छुप्या फरकावर फोडणं बरोबर नाही.)

"सगळं हिशोबात धरलं होतं." माझा खरा आक्षेप इथे आहे. जे नोंदलं गेलं, तेवढंच हिशोबात धरता येतं. सिॲटलमधल्या 65 वर्षं आणि त्यावरच्या 72,527 लोकांचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. फ्लूची लस घेतलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका कमी होता. पण साथीचा हंगाम सुरू होण्याआधीच तो 61 टक्क्यांनी कमी होता! साथच नाही, तर लस वाचवणार कशापासून? अंथरुणाला खिळलेली आजी लस घ्यायला जातच नाही, चालती-फिरती जाते. नोंदीतले आजार हिशोबात घेतल्यावर हा खोटा फायदा आटायला हवा होता. तो आणखी वाढला. लस निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. तिचा फायदा फुगून दिसत होता, एवढंच. औषधाचा परिणाम जिथे शक्यच नाही तिथे "फायदा" दिसतो का, ही तपासणी प्रत्येक अशा अभ्यासात व्हायला हवी.

काही जण मग दुसरं टोक गाठतात: "चिठ्ठ्यांशिवायचे अभ्यास सगळे कचरा." तेही चूक. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगामागे एखादा आनुवंशिक घटक असेल, असं संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर म्हणत होते. संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी 1959 साली दाखवलं, की सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये दिसणारा नऊपट धोका निव्वळ छुप्या घटकामुळे असेल, तर तो घटक त्यांच्यात न ओढणाऱ्यांपेक्षा किमान नऊपट आढळायला हवा. तसा घटक कोणाला दाखवता आला नाही. मृत्यू निम्म्यावर आल्याच्या दाव्याला हाच हिशोब लावला, तर ती अट फक्त दुपटीवर येते. आणि औषध न घेणाऱ्यांमध्ये जर्जर माणसं दुपटीहून कितीतरी जास्त असणं सहज शक्य आहे.