तुलसी परत आली होती, तरी मालिका बंद पडलीच

आत्याने काल घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला. तुम्हालाही आला असेल: 'मालिका चालते ती फक्त मुख्य कलाकारामुळे. चेहरा बदलला की मालिका मेली. संवाद काय, कुणीही लिहील.' खाली टाळ्या वाजवणारे सहा हात. त्याच ग्रुपवर माझी भाची आहे, आणि ती रोजच्या मालिकेचे संवाद लिहून पोट भरते.

चेहरा बदलला की मालिका मेली? आत्या, रात्री साडेदहाला 'क्योंकि सास भी कभी बहू थी' लागली की तू फोन उचलायची नाहीस. त्यातला नायक मिहीर आधी अमर उपाध्याय, मग इंदर कुमार, मग रोनित रॉय. २००१ मध्ये मिहीरला मारलं तेव्हा लोक खवळले आणि त्याला जिवंत करावं लागलं, हे कबूल. पण पुढे चेहरे बदलले तरी तू बघतच राहिलीस. नायिका तुलसीचं तर आणखी गमतीचं. २००७ मध्ये स्मृती इराणीच्या जागी गौतमी कपूर आली, तू नाक मुरडलंस. २००८ मध्ये स्मृती परत आली. आता मालिका सुसाट सुटायला हवी होती ना? त्याच वर्षी नोव्हेंबरात बंद पडली.

'स्कॅम १९९२'मध्ये प्रतीक गांधीने शेअर दलाल हर्षद मेहता अफलातून केला. त्याच्याशिवाय ती मालिका डोळ्यांपुढे येत नाही, हेही मुकाट्याने मान्य करते. पण तिच्या मुळाशी सुचेता दलाल आणि देबाशिष बसूंचं पुस्तक आहे, आणि बँकांमधले रेडी फॉरवर्डचे, म्हणजे रोखे विकून थोड्या दिवसांनी परत घ्यायचे व्यवहार तुझ्यामाझ्यासारखीला कळतील असं लिहिणारे लेखक आहेत. हाच प्रतीक २०२२ मध्ये 'द ग्रेट इंडियन मर्डर'मध्ये होता. आठवतंय कुणाला?

चेहऱ्याचं सोडून देते. 'कुणीही लिहील' हे मात्र डोक्यात गेलं.

मागच्या महिन्यात भाची जेवायला आली होती. रात्री अकराला फोन: नायिकेला ताप, उद्या येणार नाही. उद्या पाच सीन आणि पाचही तिचेच. पोरीने वरणभाताचं ताट सरकवलं, लॅपटॉप उघडला. नायिकेला कोल्हापूरला माहेरी धाडलं, तिचं भांडण जावेच्या गळ्यात घातलं, आणि तिने सासूची माफी मागायची होती ती चिठ्ठीतून मागवली. चिठ्ठी तीनदा खोडून लिहिली. सीन पाठवले तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. ह्याचे पैसे तिला नव्वद दिवसांनी मिळतात, तेही आठवण करून दिल्यावर. 'कुणीही लिहील' असं मानणारे फक्त ग्रुपवर नसतात.

तो भाग लागला त्या रात्री ग्रुपवर तुझाच मेसेज होता, 'बिचारीची चिठ्ठी ऐकून रडू आलं गं.' त्या भागात नायिका नव्हतीच, आत्या.

आणि कालच्या त्या सहा हातांतला एक भाचीचा आहे. तिने कौतुकाने टाकलेला नाही.