‘यात काही घडतच नाही’

आज सकाळी एका परिचितांनी, दोन महिन्यांपूर्वी मी मोठ्या हौसेने दिलेले एक पुस्तक परत आणून दिले. पुस्तक त्यांनी जपून वापरले होते, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. खुणेचा कागद मात्र तिसऱ्या प्रकरणातच अडकून राहिला होता. “मुलाला वाचून दाखवायला घेतलं खरं, पण यात काही घडतच नाही हो. चार मुलं, एक होडी आणि एक तळं. हल्लीच्या मुलांना असलं चालत नाही,” एवढे बोलून ते गेले. मी दारात उभा राहून मान डोलावली आणि त्या मान डोलावण्याचा राग दिवसभर मनात घेऊन फिरलो. तेव्हा जे बोलायला हवे होते ते आता इथे लिहितो आहे.

पुस्तक आहे आर्थर रॅन्समचे ‘स्वॉलोज अँड अ‍ॅमेझॉन्स’, १९३० साली आलेले. पहिल्याच पानावर सात वर्षांचा रॉजर तळ्याकाठच्या चढावरून आईकडे धावत येतो, पण सरळ येत नाही. तो शेताच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरपा धावतो, वळतो आणि पुन्हा तिरपा धावतो. कारण त्या क्षणी तो मुलगा नसतोच. तो शिडाचे जहाज असतो, वारा समोरून येत असतो आणि शिडाच्या जहाजाला वाऱ्याच्या तोंडावर सरळ चालता येत नाही. आई फाटकाशी उभी असते, तिच्या हातात साऱ्या घराने वाट पाहिलेली तार असते, आणि तरीही ती त्याला ‘आता पुरे, सरळ ये’ असे म्हणत नाही. जहाज धक्क्याला लागेपर्यंत ती थांबते. ज्यांना यात काही घडलेले दिसत नाही त्यांना मी काय सांगू? एका मोठ्या माणसाने एका लहान माणसाचा खेळ खरा मानला, हे घडले.

आणि ती तार! भावंडांना होडी घेऊन तळ्यातल्या बेटावर एकट्याने राहायला जायचे असते. आरमारात असलेल्या, दूरदेशी गेलेल्या वडिलांना परवानगी विचारलेली असते. त्यांचे उत्तर येते ते चार शब्दांचे कोडे असल्यासारखे: मुले धांदरट असतील तर बुडालेलीच बरी, आणि नसतील तर ती बुडणारच नाहीत. आजच्या पालकाच्या अंगावर काटा येईल असे हे उत्तर आहे, मलाही पहिल्यांदा वाचताना ते निष्ठुर वाटले होते. पण आई ते वाचते, त्यातला विश्वास ओळखते आणि तयारीला लागते. ती मुलांना वाऱ्यावर सोडत नाही. रोज सकाळी शेतावरून दूध आणायला मुलांनी किनाऱ्यावर यायचेच असते, म्हणजे चौघे सुखरूप असल्याचे कोणाला तरी रोज कळत राहते. मोकळीक द्यायची आणि दोरीचे एक टोक हातात ठेवायचे, पण ते मुलांना जाणवू द्यायचे नाही, ही कला ज्या पुस्तकात पानोपानी दिसते त्याला मुलांचे पुस्तक म्हणून बाजूला सारणे मला फार जिवावर येते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना आम्ही हे पुस्तक रोज रात्री एक प्रकरण याप्रमाणे वाचले. पुस्तक इंग्रजीत, मुलगा मराठीत, म्हणून मी डोळ्यांनी एका भाषेत वाचून तोंडाने दुसऱ्या भाषेत सांगत असे. शीड, डोलकाठी, सुकाणू, वल्ही, नांगर हे शब्द मला माहीत होते, पण रोज वापरायची वेळ तेव्हाच आली. पुस्तकाच्या साधारण मध्यावर एक प्रसंग आहे. तळ्यात नांगरलेल्या एका घरहोडीवर एक स्थूल गृहस्थ पोपट पाळून राहत असतात. मुलांना ते निवृत्त चाचे वाटतात, म्हणून मुले त्यांना कॅप्टन फ्लिंट म्हणतात. त्यांच्या छतावर कोणीतरी फटाका उडवलेला असतो. तो उडवलेला असतो त्यांच्याच भाच्यांनी, पण संशय जातो या भावंडांवर. थोरला जॉन त्यांच्याकडे जातो तो नुसती स्वतःची बाजू मांडायला नव्हे. घरहोडीला कुलूप लावून ठेवा, असा जंगलात कोळसा पाडणाऱ्या माणसांनी दिलेला इशारा त्यांना पोहोचवायलाही तो गेलेला असतो. गृहस्थ त्याचे ऐकूनच घेत नाहीत. ते त्याला तोंडावर खोटारडा म्हणतात आणि हाकलून देतात.

तेवढे वाचून झाले आणि माझ्या मुलाने पानावर तळहात ठेवला. “थांब,” एवढेच म्हणाला. मी थांबलो. बराच वेळ गेला. मग माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, “याला कोणी विचारलंच नाही.”

‘काही घडत नाही’ म्हणजे नेमके काय घडायला हवे असते? कोणी मरायला हवे, जग बुडायला हवे, दर तीन पानांनी स्फोट व्हायला हवा, तरच ते साहस? आपण मुलांच्या हाती सतत उत्तेजनेचे पदार्थ देतो, आणि मग ती साध्या गोष्टीशी बसत नाहीत म्हणून पुन्हा मुलांनाच दोष देतो. एका सज्जन मुलाला खोटारडा म्हटले जाणे, ही बारा वर्षांच्या माणसाच्या जगातली सर्वांत मोठी दुर्घटना आहे. ती दुर्घटना समजून घ्यायला आधी दीडशे-दोनशे पाने त्या मुलाबरोबर राहावे लागते, त्याने होडी काठाला कशी बांधली, रात्री धाकट्यांची काळजी कशी केली हे संथपणे पाहावे लागते. तिसऱ्या प्रकरणात पुस्तक मिटणाऱ्याला ते कसे कळणार? मला राग येतो तो याचा, की आपल्याला कंटाळा आला हे म्हणायचे धैर्य आपल्यात नसते, म्हणून आपण ‘हल्लीच्या मुलांचे’ नाव पुढे करतो. त्या मुलाला कोणी विचारले का?

हे एकाच पुस्तकाचे नाही. ई. नेस्बिट यांचे १९०६ सालचे ‘द रेल्वे चिल्ड्रेन’ घ्या. वडिलांना घरातून नेले जाते, का ते मुलांना सांगितले जात नाही, कुटुंब गावाकडच्या लहान घरात येते आणि मुले रुळांशेजारी वाढू लागतात. घरात कोळसा नाही म्हणून पीटर स्टेशनातल्या ढिगातून कोळसा आणतो आणि त्या चोरीला स्वतःच्या मनात ‘खाणकाम’ म्हणतो. पकडला गेल्यावर स्टेशनमास्तर त्याच्याशी जे वागतात ते वाचून दाखवताना आपणच सावरून बसतो. थोरल्या बॉबीला वडील तुरुंगात असल्याचे एका जुन्या वर्तमानपत्रातून कळते, आणि ती ते धाकट्यांना सांगत नाही. सौम्य पुस्तक! या सौम्यपणात किती दुःख मावले आहे ते पाहा. फक्त ते मुलाच्या खांद्याला पेलेल इतकेच, एका वेळी एकच ओंजळ दिले आहे.

घरात बसून मोठ्याने वाचणे ही या पुस्तकांची जन्मजात सवय आहे, हेही आपण विसरतो. बर्नमधले एक पाद्री, योहान डेव्हिड व्हिस, यांनी आपल्या चार मुलांसाठी रचलेली बेटावरच्या कुटुंबाची गोष्ट १८१२ साली छापली गेली आणि ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’ म्हणून जगभर पोहोचली. त्या एकाच बेटावर पेंग्विनही आहेत आणि कांगारूही. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तो गोंधळ आहे. पण मुलांना आणखी एक प्राणी हवा असताना कोणता बाप नाही म्हणेल? आपल्यापैकी कितीजणांना ज्यूल व्हर्न भा. रा. भागवतांच्या मराठीतून भेटला, हे इथे सांगायची गरज नसावी.

हो, या पुस्तकांत दोष आहेत. रॅन्समच्या बेटावर स्वयंपाकाचे काम कायम जॉनच्या बहिणीच्या, सूझनच्याच वाट्याला येते, जॉनच्या नाही. मोठ्या माणसांना ‘नेटिव्ह’ म्हणण्याचा मुलांचा खेळ आज कानाला खटकतो. आणि सुटीभर होडी वापरायला मिळणे हे सगळ्यांच्या नशिबी नसते. मान्य. त्या जागी थांबावे, मुलाला विचारावे आणि पुढे वाचावे. माझ्या मुलाने सूझनबद्दल स्वतःहूनच विचारले होते. शिडांच्या दोऱ्यांची लांबलचक वर्णने मी काही वेळा गाळली, हेही कबूल करतो. एका रात्री त्याने मला गाळताना पकडले, कारण मागच्या पानावर डोलकाठी उभी नव्हती आणि पुढच्या पानावर होडी चालू लागली होती.

आता ते ‘याला कोणी विचारलंच नाही’ पूर्ण सांगायला हवे, कारण इतका वेळ मी ते अर्धवट सांगतो आहे. त्या रात्रीच्या महिनाभर आधी माझ्या टेबलावरचा एक महत्त्वाचा कागद नाहीसा झाला होता. मुलगा तिथे चित्रे काढत बसत असे, म्हणून मी त्याच्यावर ओरडलो. त्याने एकदाच ‘मी नाही घेतला’ असे सांगितले. मी म्हणालो, “खोटं बोलू नकोस.” तो पुढे काहीच बोलला नाही, आणि ते न बोलणे मी कबुली समजलो. आठवड्याने तो कागद माझ्याच फायलीत, मीच खोचलेला, मला सापडला. मी तो मुकाट्याने जागेवर ठेवला आणि विषय मिटला असे स्वतःला सांगितले. मुलगा विसरलाही असेल, असेही सांगितले.

तो विसरला नव्हता. पानावर ठेवलेल्या त्या लहान तळव्याखाली मी होतो.

पुढच्या काही रात्री आम्ही वाचत राहिलो. घरहोडीत खरोखरच चोरी होते, म्हणजे जॉनने पोहोचवायला नेलेला तो इशारा खरा ठरतो. रोज दिवा मालवताना मुलगा विचारायचा, “तो माफी मागेल का?” मी सांगत नसे. कॅप्टन फ्लिंट माफी मागायला स्वतः बेटावर येतात. दाढीमिशा पिकायच्या वयाचा माणूस एका मुलासमोर उभा राहून सांगतो की मी चुकलो, मी तुला खोटारडा म्हणालो आणि तू तसा नव्हतास. जॉनला ते ऐकणे अवघड जाते. त्याला पटकन काही बोलता येत नाही. रॅन्समने ती घाई केलेली नाही, आणि म्हणूनच मला तो मोठा लेखक वाटतो. ते पान मुलाने माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. दुसऱ्यांदा वाचताना माझा आवाज नीट निघेना. मी पुस्तक मिटले आणि त्याला कागदाबद्दल सांगितले. कुठे सापडला, कधी सापडला, आणि मी गप्प का बसलो ते सगळे. तो म्हणाला, “मला माहीत होतं. फायलीत दिसला होता मला.” म्हणजे तीन आठवड्यांहून अधिक काळ तो वाट पाहत होता.

सकाळच्या त्या गृहस्थांवर मी या लिखाणाच्या सुरुवातीला जितका चिडलो होतो तितका आता राहिलो नाही. त्यांनी निदान तीन प्रकरणे मुलाजवळ बसून वाचली, दमून घरी आल्यावर वाचली असतील. पुस्तक मी नुसते हातात दिले, सोबत काही सांगितले नाही, ही चूक माझीच. उद्या त्यांना फोन करून विचारणार आहे की एखाद्या सुटीच्या दिवशी मुलाला घेऊन येता का. चौथे प्रकरण मी वाचतो, तुम्ही दोघे ऐका.

माझा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. संध्याकाळी परत आलेले पुस्तक टेबलावर पाहून त्याने खुणेचा कागद कुठे आहे ते बघितले आणि म्हणाला, “कॅप्टन फ्लिंटपर्यंत पोचलेच नाहीत.” मग पुस्तक घेऊन तो धाकट्या बहिणीच्या खोलीत गेला. ती सहा वर्षांची आहे. मी हे लिहीत असताना भिंतीपलीकडून त्याचा आवाज येतो आहे. वाऱ्याच्या विरुद्ध जहाज कसे चालते ते तो तिला समजावतो आहे, आणि मधूनमधून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तिरप्या धावणाऱ्या पावलांचा आवाज येतो आहे.